वाचकांचे प्रश्न : आयोवातील शेत आणि सरकारी मदत

प्रश्न : आम्ही आयोवातील एका ग्रामीण काउंटीत चाळीस एकर जमीन घेतली आहे. उतारावरची माती पावसात वाहून जाते. सरकारी मदत कोठे मिळेल?

उत्तर : आपण प्रथम आपल्या काउंटीसाठीचे अमेरिकी कृषी खात्याचे सेवा केंद्र गाठावे, तेथे बहुधा एकाच छताखाली फार्म सर्व्हिस एजन्सी आणि मृदसंधारण पाहणारी एनआरसीएस अशी दोन्ही कार्यालये असतात. खरेदीखत व ओळखपत्र दाखवून आधी फार्म सर्व्हिस एजन्सीकडून ‘फार्म नंबर’ म्हणजे शेताचा सरकारी नोंदणी क्रमांक घ्यावा. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखेच त्याचे आहे, त्यावाचून पुढचे काम सरकत नाही. त्यानंतर एनआरसीएसच्या अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष शेतावर बोलवावे आणि घळी पडलेली जागा पायी फिरून दाखवावी. गवती पाणवाटा, समतल बांध अशा कामांच्या खर्चाचा वाटा ‘इक्विप’ योजनेतून मिळू शकतो. शेती सुरू करून दहा वर्षे झाली नसतील तर तसे अर्जात अवश्य नोंदवावे, कारण नवख्यांना मदतीचा दर अधिक असतो. मात्र करारावर सह्या होण्यापूर्वी जेसीबी लावू नये. तसे केल्यास त्या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. जमीन दहा ते पंधरा वर्षे गवताखाली ठेवून वार्षिक भाडे देणारी सीआरपी योजनाही आहे, परंतु तिच्यासाठी जमीन साधारणतः आधीचे बारा महिने आपल्या ताब्यात असावी लागते.