गाठी नाहीत गं त्या

"मॅडम, मला पीसीओएस आहे, म्हणे बीजांडकोशात गाठी. मला मूल होणार ना?"

गोव्यात फोंड्यातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे, की मुलीच्या हातातलं सोनोग्राफीचं पाकीट बघूनच मला तो ऐकू येतो. बहुतेकींच्या बाबतीत उत्तर "होईल" असंच आहे. पण नुसतं तेवढं सांगून भीती जात नाही, म्हणून सुलक्षाबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सत्तरी तालुक्यातली मुलगी, वय 29, प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्नाला तीन वर्षं. पाळी कधी 45 दिवसांनी, कधी 70. सासूबाईंनी देवीला कौल लावला होता, उजवा, म्हणजे होकाराचा, मिळाला होता, त्यालाही वर्ष उलटलं होतं. कुणाचा तरी व्हिडिओ बघून हिने शीत, म्हणजे भात, आणि पाव दोन्ही सोडलं होतं. रात्री नुसती काकडी.

पहिल्या तीन भेटींत ती आकडेच बोलली. वजन, दिवस, हार्मोन. चौथ्या भेटीत मी विचारलं, "रात्री अंथरुणावर पडलीस की काय करतेस?"

ती ओढणीच्या टोकाला पीळ देत राहिली. मग म्हणाली, "पोट दाबून बघते. गाठी वाढल्या का ते."

"लागतात हाताला?"

"डावीकडे जास्त."

आजारापेक्षा त्याला मिळालेला शब्द माणसाला जास्त पोखरतो, असं मी मानते. रिपोर्टात 'सिस्ट' लिहिलेलं असतं, घरी येईपर्यंत त्याची 'गाठ' होते, आणि गाठ म्हटलं की आपल्याकडे पुढे काय मनात येतं ते सांगायला नको.

मी वहीतलं पान फाडलं, बीजांडकोश काढला आणि कडेकडेने टिंबं दिली. "या गाठी नाहीत गं. नावच चुकीचं पडलं आहे. या बीजाच्या पिशव्या, जेमतेम 2 ते 9 मिलिमीटरच्या. हाताला लागणं शक्यच नाही. एरवी महिन्याला त्यातली एक मोठी होते, फुटते, बीज बाहेर येतं. तुझ्या पिशव्या अर्ध्यावर थांबतात. बऱ्याच जणींच्या अंगात इन्सुलिन जास्त राहतं, त्याने पुरुषी हार्मोन वाढतात आणि वाढ अडते."

ती बोटाने टिंबं मोजू लागली. मोजता मोजता थांबली. "म्हणजे बीजं कमी नाहीत माझ्याकडे?"

"वयाच्या मानाने जास्तच असतील."

तिने ओढणी सोडली. पीळ आपोआप उलगडला.

"मग मी वांझ नव्हे," ती म्हणाली.

हा शब्द त्या खोलीत तोवर कुणीच उच्चारला नव्हता. तो तिच्या तोंडून बाहेर यावा म्हणून मी चार भेटी थांबले होते, आणि थांबले याचं मला आजही समाधान आहे. आतला शब्द बाहेर आल्याशिवाय माहिती कानावरून जाते, रुजत नाही. त्या दिवसानंतर तिला सांगितलेलं ऐकू येऊ लागलं.

तिला सांगितलं ते सगळ्यांनाच सांगते. नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही. लांबणारी पाळी, हनुवटीवरचे केस किंवा रक्तात पुरुषी हार्मोन जास्त, आणि सोनोग्राफी, या तिनांपैकी दोन गोष्टी लागतात. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोनही तपासावे लागतात. किशोरवयीन लेकींना घेऊन येणाऱ्या आयांनो, त्या वयात सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं 2023 चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींचं बीज पुन्हा सुटू लागतं. बारीक मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांनी उपाशी राहून काय साधणार? शीत सोडू नका, वाढणी कमी करा, सोबत डाळ, मासळी, भाजी घ्या, रोज चाला. तीन महिने पाळी आली नाही तर मात्र डॉक्टरांकडे जाच; गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं बरं नव्हे. बीज सुटत नसेल तर लेट्रोझोल ही पहिली गोळी, थेट टेस्ट ट्यूबकडे धावायची गरज बहुतेकींना पडत नाही. दिवस राहण्याआधी साखर तपासून घ्या, फॉलिक ॲसिड सुरू करा.

आणि नवऱ्याची तपासणी पहिल्याच महिन्यात. सुलक्षाच्या नवऱ्याला मी बोलावून घेतलं. "मला कशाला?" म्हणाला. मी म्हटलं, "मूल दोघांचं ना? मग कागदही दोघांचे पाहिजेत." तपासून आला. त्याचा रिपोर्ट चांगला निघाला, आणि त्याहून चांगलं म्हणजे त्यानंतर तो प्रत्येक भेटीला तिच्यासोबत येऊ लागला.

सुलक्षाला अजून दिवस गेलेले नाहीत. गोळ्यांच्या दुसऱ्या महिन्यात बीज सुटल्याचं रक्ताच्या तपासणीत दिसलं. पूर्वी पाळी आली की दोन दिवस ती शाळेत जात नसे. त्या महिन्यात पाळी आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने वर्ग घेतला.

परवा ती नणंदेला घेऊन आली. तिचीही पाळी लांबते. सोनोग्राफीचं पाकीट छातीशी धरून ती बसली, आणि मी काही बोलायच्या आत सुलक्षाने पर्समधून घडी पडलेलं वहीचं पान काढून तिच्यासमोर उलगडलं.