कोलारच्या खाणीत अजून सोनं आहे, मग ती बंद का केली?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: कर्नाटकातल्या कोलारलाच एवढं सोनं कुठून आलं, आणि सोनं शिल्लक असताना २००१ साली खाण बंद का केली. त्यात काहीतरी काळंबेरं असावं, अशी शंकाही तुम्ही व्यक्त केली आहे. मी भूशास्त्र शिकत होतो तेव्हा, नव्वदच्या दशकात, आमच्या वर्गाची सहल तिथे गेली होती. खाण तेव्हा चालू होती आणि आम्हाला खाली उतरता आलं. म्हणून सुरुवात दगडापासूनच करतो. खाण बंद पडण्याचं कारणही बरंचसं त्या दगडातच सापडतं.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. कोलारचा काळा दगडही मुळात लाव्हाच, पण २७० कोटी वर्षांपूर्वीचा आणि समुद्राच्या तळाशी ओतलेला. पाण्यात पडलेला लाव्हा उशांसारख्या गोळ्यांत थिजतो. तसा उशीलाव्हा आणि ज्वालामुखीचे तुकडे घट्ट होऊन बनलेला खडक आजही खाणींजवळच्या पेद्दपल्लीला उघड्यावर दिसतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं आहे. पुढे हा सगळा थर दोन बाजूंच्या ग्रॅनाइटी खडकांत चेपला गेला, खोल गाडला गेला, तापला आणि त्याचा अँफिबोलाइट नावाचा कठीण, काळा खडक झाला. आता त्याची दक्षिणोत्तर अशी सुमारे ऐंशी किलोमीटर लांब आणि जेमतेम तीन-चार किलोमीटर रुंद पट्टी उरली आहे.

या चेपाचेपीत खडकाला भेगा गेल्या. खालून गरम, खारट, गंधकयुक्त पाणी त्या भेगांतून वर चढलं. सोनं पाण्यात सहसा विरघळत नाही, पण गंधकाची सोबत मिळाली तर थोडंफार विरघळतं. कोलारच्या अँफिबोलाइटमध्ये लोह भरपूर. पाण्यातल्या गंधकाने ते लोह धरलं, त्याची सल्फाइडं झाली आणि सोन्याची सोबत सुटली. ते तिथेच गारगोटीबरोबर भेगेत बसलं. भेगा पुन्हा पुन्हा उघडल्या आणि पुन्हा पुन्हा भरल्या. पट्ट्यातली सर्वांत श्रीमंत शीर म्हणजे चॅम्पियन लोड. सरासरी जाडी मीटरभर, पण लांबी कित्येक किलोमीटर. वर ती पश्चिमेकडे कललेली आहे, खोल जाते तशी उभी होत जाते.

ही शीर मी हाताने चाचपली आहे. डोक्याच्या दिव्याच्या उजेडात गारगोटी पांढरी दिसत नाही, निळसर करडी दिसते, पावसाळी ढगासारखी. आमच्याबरोबरच्या तमिळ फोरमननी भिंतीवर पाणी मारलं, दिवा तिरका धरला आणि एका जागी बोट टेकवलं. हळदीची चिमूट सांडावी तसे चार-पाच ठिपके. एवढंच. त्यांनी सांगितलं, डोळ्यांना सोनं दिसणं म्हणजे भाग्याचा दिवस, एरवी दगड काढायचा आणि तो दळणाऱ्या गिरणीवर विश्वास ठेवायचा.

इतिहासाचंही थोडं सांगतो, कारण तोही या शिरेमागूनच चालला आहे. तिथले लोक फार जुन्या काळापासून सोनं काढत. (कोलार काही काळ शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे आपल्याकडे अनेकांना माहीत नसतं.) टिपू पडल्यावर मैसूरच्या पूर्व सीमेची मोजणी करायला लेफ्टनंट जॉन वॉरन आला. त्याच्या कानावर या सोन्याच्या गोष्टी आल्या. १८०२ मध्ये उरिगामच्या गावकऱ्यांनी त्याच्यासमोर माती धुऊन तिच्यातून सोन्याचे कण काढून दाखवले. १८७० च्या दशकात मायकेल लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाने मैसूर सरकारकडून खोदाईचा परवाना मिळवला. १८८० नंतर लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सनी कारभार हाती घेतला, तरी पहिली काही वर्षं पैसा नुसता जमिनीत जात होता. तिथे खोदणाऱ्या मैसूर कंपनीचे भागधारक गाशा गुंडाळायच्या बेतात होते. १८८३ मध्ये कॅप्टन प्लमरने जुन्या लोकांचे खड्डे जिथे थांबले होते तिथून खाली खोदायला घेतलं, आणि चॅम्पियन लोड लागली. माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. शीर त्या अनाम खोदणाऱ्यांनी कधीच शोधली होती. पाणी आणि खोली यांनी त्यांना अडवलं होतं, आणि वाफेच्या पंपांनी तो अडसर दूर केला.

मग भरभराट झाली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून दीडशेक किलोमीटर तारा ओढून खाणींना वीज आणली. बंगळूर शहराला ती त्यानंतर मिळाली. १९५६ मध्ये मैसूर राज्याने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ पासून भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीकडे. सव्वाशे वर्षांत एकूण सुमारे आठशे टन सोनं निघालं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

खाणीत सोनं आहे की नाही, याला व्यवहारात फारसा अर्थ नसतो. एका टन दगडात किती आहे आणि तो टन वर आणायला काय पडतं, हे पाहावं लागतं. शेवटच्या काळात तिथे टनामागे तीनेक ग्रॅम सोनं मिळत होतं. एक टन म्हणजे सव्वादोन-अडीच फुटांचा चौकोनी धोंडा, आणि त्यातलं सगळं सोनं एकत्र केलं तर सुक्या वाटाण्याएवढं. २००१ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला चार हजार तीनशेच्या आसपास होता. म्हणजे एका धोंड्याचे बाराशे-तेराशे रुपये. त्यात तो दोन-तीन किलोमीटर खालून फोडून आणायचा, दळायचा, सायनाइडच्या पाण्यातून काढायचा आणि हजारो कामगारांचे पगारही द्यायचे.

खोलीचं ओझं वेगळंच. तिथल्या खाणींपैकी चॅम्पियन रीफ ही खाण सुमारे ३,२०० मीटरपर्यंत गेली होती. तीन किलोमीटर खडकाखाली प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर आठशे किलोंहून जास्त दाब असतो. तिथला दगड साठ अंशांच्या पुढे तापलेला, म्हणून थंड केलेली हवा सतत खाली ढकलावी लागते. पाणी उपसणंही थांबवता येत नाही. आणि सर्वांत भीतीचा तो रॉकबर्स्ट. शीर काढून घेतली की शेजारच्या कडक खडकावरचा ताण वाढत जातो आणि एखाद्या क्षणी तो स्फोट झाल्यासारखा फुटतो. वरच्या वस्तीतल्या घरांनाही त्याचा हादरा बसायचा. तो आवरायला पोकळीत ग्रॅनाइटचे घडीव चिरे रचून भिंती घालत. खाली आमच्यापुढे एक वयस्क कामगार लोखंडी पहार घेऊन चालत होते. दर चार पावलांवर छताला ठोका मारायचे आणि कान द्यायचे. टणक आवाज आला की पुढे. एका जागी आवाज पोकळ आला, त्यांनी हात आडवा केला आणि आम्हा सगळ्यांना मागे सारलं. पहारीने चार वेळा उचकटल्यावर परातीएवढी कपची खाली आली. ती वजनाने पडल्याचा आवाज मला आजही आठवतो.

त्यामुळे यात लपवाछपवी शोधू नका. वरची श्रीमंत शीर पूर्वीच खाऊन झाली होती. उरलं ते खोल, विखुरलेलं आणि महाग. तोटा वर्षानुवर्षं साचला आणि २८ फेब्रुवारी २००१ ला काम थांबलं. पंप थांबल्यावर खालचे बोगदे पाण्याने भरले. आज भाव कितीतरी पटींनी वाढलाय हे खरं, पण ते पाणी उपसून, पडझड झालेले शाफ्ट, म्हणजे खाली उतरायचे उभे खड्डे, सावरून पुन्हा तीन किलोमीटर खाली जाणं मला शक्य वाटत नाही. कर्नाटकातच, आपल्या सोलापूरच्या दक्षिणेला, रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण मात्र अजून चालू आहे. देशाला सोनं हवंच असेल तर लक्ष तिकडे द्यावं.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. चर्चा नेहमी सोन्याची होते. ज्यांनी ते काढलं ती बहुतेक तमिळ आणि तेलुगू बोलणारी दलित कुटुंबं होती, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबलेली. गारगोटीची धूळ छातीत जाऊन सिलिकोसिस झालेली माणसं त्यांच्या घराघरांत होती.

आणि एक चांगली आठवण, जिचा मुंबईशी थेट संबंध आहे. अवकाशातून येणारे वैश्विक किरण एवढ्या खडकात अडतात, म्हणून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चॅम्पियन रीफमध्ये २.३ किलोमीटर खोल उपकरणं लावली. ब्रिटनमधलं डरहॅम विद्यापीठ आणि जपानमधलं ओसाका सिटी विद्यापीठ बरोबर होतं. १९६५ मध्ये त्यांना तिथे वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे खडकातूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, खुणा सापडल्या. जगात अशी नोंद त्या वर्षी फक्त दोन ठिकाणी झाली, इथे आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत. खाणकामगारांनी खोदलेल्या त्या खोलीशिवाय हे झालंच नसतं.

जायचं असेल तर बंगारपेटहून मारिकुप्पमची गाडी पकडा. वाटेत कोरोमंडल, उरगाव, चॅम्पियन अशी स्टेशनं लागतात, सगळी खाणींच्या नावांची. पेद्दपल्लीचा खडक बघाच. जुन्या शाफ्टजवळ मात्र जाऊ नका, काठ ढासळतात. वस्तीला लागून करड्या मातीच्या टेकड्या दिसतील, त्यांना तिथे सायनाइड डंप म्हणतात. दळून, सोनं काढून टाकून दिलेला तीन कोटी टनांहून जास्त दगड तो. उन्हाळ्यात वारा सुटला की त्याची पिठासारखी धूळ घराघरांत जाते, आणि तिथल्या बायका दुपारी खिडक्या लावून घेतात.