पाकिटावरचं बारीक अक्षर

औषधांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं या वेळी घेतली आहेत. दुखणी वेगवेगळी आहेत, पण बऱ्याच पत्रांत गोंधळ एकाच जागी झालेला दिसतो. कंपनीनं दिलेलं नाव पाकिटावर ठळक असतं. आत काय आहे आणि किती आहे, ते मात्र त्याखाली बारीक अक्षरात. म्हणून उत्तरांत ठळक नावं घेतलेली नाहीत, घटकांची घेतली आहेत.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या, वजन ४२ किलो. तापासाठी डॉक्टरांनी दिलेली ६५० ची गोळी दिवसातून तीनदा चालू होती. नाक वाहत होतं म्हणून घरातली सर्दीची गोळी सकाळ-संध्याकाळ दिली. अंग ठणकत होतं म्हणून मेडिकलमधून आणलेली आणखी एक गोळी दोनदा दिली. असं दोन दिवस चाललं. काही चुकलं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : चुकलं, आणि तीन गोळ्यांची नावं तीन असल्यामुळे ते लक्षात आलं नाही. ६५० ची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ३२५ किंवा ५०० मिग्रॅ पॅरासिटामॉल असतं. अंगदुखीची म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी जोडगोळी असते. सर्दीच्या गोळीत ५०० धरलं तर एका दिवसाचा हिशेब होतो १९५० + १००० + ६५०, म्हणजे ३६०० मिग्रॅ.

धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४००० मिग्रॅ ही वरची हद्द आहे. तो आकडा ४२ किलोच्या वयस्क बाईंना लावायचा नसतो. वजन पन्नासच्या आत असेल तर किलोमागे दिवसाला ६० मिग्रॅ धरा. सासूबाईंसाठी ते २५२० होतं, म्हणजे ६५० च्या तीन गोळ्या, किमान सहा-सहा तासांनी, आणि पॅरासिटामॉल असलेलं दुसरं काहीही नाही. जेवण तुटलेलं असेल, रोजची दारू असेल किंवा यकृताचा जुना आजार असेल तर त्याहूनही कमी, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं.

यकृत पॅरासिटामॉलचा निचरा करतं तेव्हा थोडा विषारी पदार्थ तयार होतो. यकृतातलं ग्लुटाथायोन त्याला लगेच बांधून टाकतं. हा साठा संपला की तो पदार्थ यकृताच्या पेशींवरच उलटतो. पहिल्या दिवशी फार तर मळमळते, कधी काहीच होत नाही. कावीळ दिसते ती दोन-तीन दिवसांनी. एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या तर एन-ॲसिटिलसिस्टिन हा उतारा आहे, पण पहिल्या आठ तासांत सुरू केला तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त. ‘बरी दिसताहेत, उद्या बघू’ हे इथे धोक्याचं आहे.

सासूबाईंच्या बाकी दोन्ही गोळ्या थांबवा. तिन्ही पाकिटं पिशवीत घालून आजच डॉक्टरांकडे जा आणि यकृताची रक्ततपासणी करायची का ते विचारा. आणखी एक : पावसाळ्यात आलेला ताप डेंग्यूचा नाही हे कळेपर्यंत ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन तापावर देऊ नये. प्लेटलेट घसरलेल्या असताना ही औषधं रक्तस्राव वाढवतात. हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा, वजन १० किलो. तापाचं पातळ औषध डॉक्टरांनी ६ मिली सांगितलं होतं. या वेळी त्याच नावाची नवी बाटली आणली, तिच्यावर १२५ ऐवजी २५० लिहिलंय. तेवढंच द्यायचं ना?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही, निम्मं. १२५ म्हणजे ५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ, २५० म्हणजे तेवढ्याच ५ मिलीमध्ये २५०. मुलांना एका वेळी किलोमागे १५ मिग्रॅपर्यंत देतात. तुमच्या मुलाला ते १५० मिग्रॅ, म्हणजे १२५ च्या बाटलीतून ६ मिली आणि २५० च्या बाटलीतून ३ मिली. तान्ह्या बाळांसाठीचे थेंब तर आणखी दाट असतात, बहुधा १ मिलीमध्ये १०० मिग्रॅ. तिथे हाच डोस दीड मिली होतो. थेंबांची बाटली घेऊन सवयीनं ६ मिली दिलं तर ६०० मिग्रॅ पोटात जातं, चौपट. चिठ्ठीवर नुसतं ‘६ मिली’ असेल तर ‘कुठल्या बाटलीचं?’ हे विचारून तिथेच लिहून घ्या. मूल वाढलं की डोस बदलतो, म्हणून मागच्या वर्षीची चिठ्ठी या वर्षी चालत नाही.

मापासाठी घरातला चमचा नको. कुणाचा तीन मिलीचा, कुणाचा सात मिलीचा. बाटलीबरोबरचं मापाचं झाकण चालतं, पण ते सपाट जागी ठेवून, डोळ्यांच्या पातळीवर बघून भरा. सर्वांत चांगली सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज. तिचं टोक गालाच्या आतल्या बाजूला धरा आणि थोडं थोडं सोडा. बोंडल्यानं औषध पाजायची पद्धत अजून आहे. बोंडलं वाईट नाही, पण त्यावर खुणा नसतात, आणि मूल तोंड उघडत नाही म्हणून नाक दाबून पाजलं तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत कधीच घालू नका, त्यावरच्या खुणा त्याच औषधापुरत्या असतात.

अँटिबायोटिकची पावडर असलेली बाटली मिळाली तर आधी कोरडीच ठोकून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या जरा खालपर्यंत घाला, हलवा, फेस बसू द्या आणि मग खुणेपर्यंत भरा. फेस धरून भरलं तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. पाणी कोमट असलं तर औषधच बिघडतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं मिश्रण फ्रिजमध्ये ठेवून सात दिवस वापरायचं, उरलेलं टाकायचं. पुढच्या तापासाठी राखून ठेवायचं नाही.

सर्दी-खोकल्याचं औषध तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियामकानं डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं दगावली. ही भेसळ रंगावरून, वासावरून घरी ओळखता येत नाही. एवढ्या लहान मुलाच्या साध्या सर्दीला ते औषध लागतही नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, पुरेसं पाणी-दूध, आणि वर्ष पूर्ण झालेलं असेल तर अर्धा चमचा मध. श्वास भरभर होत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल तर मात्र दवाखाना.

प्रश्न : वडील इन्सुलिन घेतात, सकाळी २० युनिट. लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या म्हणून केशरी टोपणाच्या मिळाल्या. साखर अचानक वाढली आहे. शिवाय आमच्याकडे लाइट जाते, फ्रिजचा भरवसा नाही.
— एक वाचक, औसा

उत्तर : साखर वाढण्याचं कारण बहुधा त्या टोपणातच आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या सहसा १ मिलीला ४० युनिटच्या असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. पेनमधली काडतुसं १ मिलीला १०० युनिटची असतात. त्या ताकदीच्या सिरिंजला केशरी टोपण. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर प्रत्यक्षात येतात ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट. वडिलांना निम्म्याहून कमी इन्सुलिन मिळत होतं.

उलटी चूक जास्त घातक. पेन बिघडलं म्हणून काडतुसातलं इन्सुलिन लाल सिरिंजनं २० पर्यंत ओढलं तर जातात ५० युनिट. घाम, थरथर, बरळणं, बेशुद्धी हे सगळं तासाभरात होऊ शकतं. मेडिकलमध्ये सिरिंज मागताना रिकामी बाटली बरोबर न्या आणि बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळवून घ्या. एक महत्त्वाचं : सिरिंज बदलली म्हणून डोस वाढवून घेतला असेल, तर लाल सिरिंजवर परतताना आधी डॉक्टरांशी बोला.

न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत, फ्रिजरच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर जसंच्या तसं दिसलं तरी वापरू नका. चालू बाटली सावलीत, २५ ते ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरातही एवढा गारवा नसतो. त्यावर जुना उपाय माठाचाच : मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं. वाळू रोज ओली ठेवायची आणि मडकं वाऱ्याला ठेवायचं, कारण गारवा पाणी उडून जाण्यानं येतो. गढूळ दिसणारं मिश्र इन्सुलिन असेल तर बाटली दोन्ही तळव्यांत दहा वेळा घोळवा आणि काही वेळा उलटीसुलटी करा. ताकासारखी घुसळू नका, फेसामुळे माप चुकतं.

प्रश्न : रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी घेतो. गुडघ्यांसाठी महिनाभर रोज डायक्लोफेनॅक चालू आहे. आता पायांवर सूज आहे आणि दाबही वाढलाय. दाबाची गोळी वाढवावी का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : आधी वेदनाशामक थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. डायक्लोफेनॅकच्या घराण्यातली औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणून सूज आणि वाढलेला दाब. मोठी भीती मूत्रपिंडांची. डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाकडे रक्त आणणारी वाट आवळतं, टेल्मिसार्टन बाहेर नेणारी वाट सैल करतं आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातलं पाणी कमी करतं. तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडातल्या गाळणीवरचा दाबच पडतो. मे महिन्याचं ऊन किंवा दोन दिवसांचे जुलाब यांची भर पडली तर मूत्रपिंड बंद पडायला वेळ लागत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या.

गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचं जेल वरून लावणं हा बरा मार्ग आहे, पोटातून घेण्याच्या मानानं रक्तात फार थोडं जातं. बिननावाच्या ‘देशी’ पुड्या घेऊ नका. दोन दिवसांत जादू करणाऱ्या पुडीत स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. कुणी अशा पुड्या महिनोन्‌महिने घेत असेल तर त्याही एकदम बंद करायच्या नाहीत. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

प्रश्न : आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा दिलं आहे. आणखी एक छोटी पिवळी गोळी आहे. कधी कुठली, याचा घोळ होतो.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : हा घोळ जिवावर बेतू शकतो. दुसरी गोळी बहुधा फॉलिक ॲसिडची, आणि मेथोट्रेक्सेटही पुष्कळदा पिवळंच असतं. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जा दबते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. दोन्ही गोळ्या वेगळ्या डब्यांत ठेवा. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहा, ‘फक्त बुधवार’ असा, आणि गोळी घेतल्यावर कॅलेंडरवर खूण करा. चार आठवड्यांच्या वर साठा घरात आणू नका. लघवीच्या जंतुसंसर्गाला कुणी को-ट्रायमॉक्साझोल लिहून देत असेल तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं तिथल्या तिथे सांगा. एकत्र ही दोन्ही औषधं फार वाईट. रोज घेतलं गेल्याचं लक्षात आलं तर फोडांची वाट न बघता रुग्णालय गाठा; फॉलिनिक ॲसिड हा उतारा तिथे देतात.

प्रश्न : थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेतली तर चालते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासानं. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर, नाहीतर थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं औषध, आतड्यातच अडकतं. वेळ बदललीत तर सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून बघा.

प्रश्न : कापलेल्या पाकिटावर तारीख राहत नाही. आणि ‘०८/२०२६’ म्हणजे १ ऑगस्ट की ३१?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ३१ ऑगस्ट. चारच गोळ्या घ्यायच्या असतील तर दुकानदाराला तारखेच्या विरुद्ध टोकाकडून कापायला सांगा, किंवा बिल जपून ठेवा. त्यावर बॅच आणि मुदत असते. गोळ्या पाकिटातून काढून एका डबीत भरू नका, दमट हवेत त्या लवकर खराब होतात.

डोळ्यांच्या थेंबांना हा नियम लागत नाही. बाटली उघडली की बहुतेक थेंब चार आठवड्यांनी टाकायचे, छापलेली मुदत दोन वर्षांची असली तरी. उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहा. बॉलपेनची शाई त्या गुळगुळीत लेबलवर टिकत नाही, सीडीवर लिहायचा मार्कर वापरा.