कार्ड घासायच्या आधी खातं बघ

चि. बाबू,
आशीर्वाद.

बँकवाले क्रेडिट कार्डासाठी मागे लागलेत अन् बाबा म्हणतात कर्जाला हात लावायचा नाही. बाबांची भीती खरी आहे. पण डेबिट कार्डात धोका नाही, हा तुमचा दोघांचाही समज मला पटत नाही.

तुमच्या जॉइंट खात्यात कापसाचा चुकारा, म्हणजे विकल्याचे पैसे, पडतो, पेरणीचे पैसेही तिथेच. त्याच खात्याचं डेबिट कार्ड तू पेट्रोलपंपावर अन् ऑनलाइन खरेदीला वापरतोस. नंबर कुठे फुटला तर पेरणीचेच पैसे जातात. चूक तुझी नसेल अन् तीन कामाच्या दिवसांत कळवलंस, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे तुझ्यावर बोजा येत नाही. बँकेने दहा कामाच्या दिवसांत रक्कम परत जमा करायची. पण मृगात दहा दिवस थांबायचं कसं? तोच घोटाळा क्रेडिट कार्डावर झाला तर बँकेचे पैसे अडकतात, खातं जागेवर राहते. ओटीपी स्वतःच सांगितलास, तर कळवेपर्यंतचा तोटा तुझाच, कार्ड कोणतंही असो. अशा वेळी आधी बँकेला कळव, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लाव.

म्हणून रोजच्या खर्चाला क्रेडिट कार्ड घे. अट एकच: खात्यात आहे तेवढंच घासायचं. किराणा दोन हजारांचा झाला, तर ते दोन हजार त्या क्षणी खात्यात पडून असले पाहिजेत. येणारा पगार, येणारा चुकारा हिशेबात धरायचा नाही.

'मिनिमम भरलं तर चालते ना?' असं तू विचारलंस, त्याचा मला राग आला. नाही चालत. वीस हजारांचं बिल, मिनिमम पाच टक्के म्हणजे हजार. उरलेल्या एकोणीस हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के धर: ६६५ रुपये व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून सुमारे ७८५. पुढच्या महिन्यात पुन्हा हजार भरलेस तर मुद्दल फिटलं २१५. शिवाय बिनव्याजी मुदत बुडते. व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते अन् नव्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून. एटीएममधून या कार्डावर रोख काढलीस तर वेगळं शुल्क अन् त्याच दिवसापासून व्याज. ते कधीच करायचं नाही.

आता शेतीचं. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे विकलं जाते, कापूस उलंगवाडीपर्यंत, म्हणजे वेचणी संपेपर्यंत, थोडा थोडा येतो. कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला दारात. जून-जुलैत घरात आवक नसते, तेव्हाच कृषी केंद्रात बियाणं-खताला कार्ड घासायचा मोह होतो. त्यासाठी पीककर्ज आहे: तीन लाखांपर्यंत वर्षाला सात टक्के, वेळेत फेडलं तर त्यातही तीन टक्के सवलत. कार्डाचे साडेतीन टक्के महिन्याचे असतात, वर्षाचे बेचाळीस. बाबांचं किसान क्रेडिट कार्ड पीककर्जाचंच आहे, त्याची अन् याची गल्लत करू नका. मी हट्टी वाटेन, वाटू दे. खात्यात आहे तेवढंच.

घेताना वार्षिक फी नसलेलं रुपे कार्ड माग, कारण यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडायचं तर रुपेच लागते. तेही दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवरच चालते. टपरीवाल्याचा स्वतःच्या खात्याचा क्यूआर असेल तर नाही. तिथल्यासाठी दुसरं छोटं खातं उघड, त्यात दोन-तीन हजारच ठेव अन् जॉइंट खात्याचं डेबिट कार्ड कपाटात टाक. तुझा पगार एक तारखेचा, तर बिल चौदा-पंधराला निघेल असं सांग. भरायची तारीख पुढच्या महिन्याच्या चार-पाचच्या सुमारास येईल. तारीख जुळली नाही तर एकदा तरी बदलून मागता येते. बिल खात्यातून आपोआप कापलं जावं म्हणून ऑटो डेबिटचा फॉर्म भर, त्यात 'टोटल ड्यू'वर खूण कर, 'मिनिमम ड्यू'वर नाही. बँकेने लाखाची मर्यादा दिली तरी अॅपमध्ये ती पंधरा हजारांवर आण, परदेशी व्यवहार बंद ठेव. तुमच्याकडे रेंज जाते अन् ओटीपी येत नाही, म्हणून ही सेटिंग हिंगणघाटलाच करून घे.

ऑटो डेबिट असलं तरी तारखेच्या चार दिवस आधी खात्यातली रक्कम बघायची. अपुरी निघाली तर तो परत जातो अन् दंड लागतो. पण खात्यात आहे तेवढंच घासलं असशील, तर अपुरी निघेलच कशी?

पहिलं बिल आलं की फोटो पाठव. तारखा मी बघून देतो.

तुझा काका