दोन कपिलांना किती जागा लागेल?

कोकणात दीड एकर जागा असेल तर दोन कोकण कपिला, म्हणजे इथल्या देशी जातीच्या गायी, सहज राहतील, पण वर्षभर नुसत्या चरून जगणार नाहीत. कोकणातलं गवताचं गणित पावसावर चालतं. जून ते ऑक्टोबर कातळावरसुद्धा गुडघाभर गवत असतं. डिसेंबरनंतर तिथे गाय फिरते, खात काहीच नाही. म्हणून "एका गायीला किती एकर" हा हिशोब फक्त पावसाळ्यापुरता धरा.

कोकण कपिला लहान चणीची. सव्वादोनशे किलोची गाय धरली तर तिला रोज साधारण साडेपाच किलो कोरडा भाग (वैरणीतलं पाणी वगळून उरतं ते) लागतो, म्हणजे नुसती हिरवी वैरण दिली तर वीस-पंचवीस किलो. अर्धी गरज पेंढ्यावर भागवा आणि उरलेल्यासाठी संकरित नेपियर हे उंच वाढणारं चाऱ्याचं गवत लावा. त्यातला फुले जयवंत हा वाण चांगला. विहिरीला एप्रिल-मेपर्यंत पाणी टिकत असेल तर गायीमागे चार-पाच गुंठे पुरतात. जांभ्या जमिनीत शेणखत सढळ हाताने घाला, नाहीतर पुस्तकातलं उत्पन्न पुस्तकातच राहील. कोवळा नेपियर एकटा खाऊ घालू नका, सोबत पेंढा हवाच.

पेंढा भातकापणी झाल्या झाल्या शेजाऱ्यांकडून घ्या. मे महिन्यात भाव विचारायचीही सोय नसते!

उरलेल्या कुरणाचे कुंपण घालून तीन-चार तुकडे करा, गायी फिरवत राहा. आणि एकच गाय आणायचा विचार सोडा, एकटी गाय हंबरून जीव नकोसा करते. पुंगनूर या आंध्रातल्या बुटक्या गायीच्या नादाला तर लागूच नका. फोटोत छान दिसते, पण इथल्या पावसात मुरलेली कपिलाच बरी.