टँगोच्या क्लासमध्ये जोडीदार का बदलायचा?

अर्जेंटाइन टँगोच्या ग्रुप क्लासबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांतले बरेचसे ऐकीव गोष्टींवरून सुचलेले असतात. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्रच देते.

प्रश्न : जोडीदार नाही. एकटीने नाव घातले तर चालेल का?

चालेल. लीडर (इशारा देणारा) आणि फॉलोअर (त्यावरून पाऊल टाकणारी) यांची संख्या क्लासवाले जुळवतात का, एवढे आधी विचारून घ्या.

प्रश्न : मी बॉलरूम टँगो शिकलो आहे. मान झटकायची सवय इथे उपयोगी पडेल?

नाही.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको मिळून शिकतो. दर दोन-तीन गाण्यांनी सर जोडीदार बदलायला लावतात. आमचे एकमेकांशी छान जमते, मग बदलायचे कशाला?

‘छान जमते’ हेच मला खटकते. क्लासमध्ये शिक्षक ओचो (आठच्या आकड्यासारखा पावलांचा प्रकार) दाखवतात, तो दोघेही बघतात आणि दोघांच्याही डोक्यात क्रम बसतो. मग लीडरने छाती वळवली काय आणि नाही वळवली काय, फॉलोअर ठरल्या जागी पाय टाकून मोकळी होते. लीडरला वाटते, आपला इशारा पोचला. तो पोचलेलाच नसतो! घरी पुन्हा तीच जोडी, तोच क्रम. चूक उघडी पडायला वावच नाही. अनोळखी माणसाबरोबर नाचताना मात्र ती पहिल्याच गाण्यात दिसते. लीडर हातांनी ओढू लागतो आणि फॉलोअर त्याच्या आधीच निघालेली असते.

या नाचात पावलांचा क्रम आधी ठरवलेला नसतो. प्रत्येक पाऊल त्या क्षणी सुचते आणि धडाच्या वळण्यातून, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाण्यातून समोरच्याला कळते. ते खरेच कळले का, हे तपासायला वेगळ्या उंचीची, वेगळ्या चालीची माणसे लागतात. ग्रुप क्लासचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि नेमका तोच तुम्ही नाकारता आहात. फॉलोअरने पाऊल आपणहून न उचलता थांबून बघावे. काहीच घडले नाही तर ती तिची चूक समजू नये. आणि कृपा करून नाचता नाचता एकमेकांना शिकवू नका. अडले की शिक्षकांना बोलवा.

एक मात्र नक्की : कुणाचा स्पर्श नकोसा वाटत असेल, तर त्याच्याबरोबर नाचायची सक्ती कुणीही करू शकत नाही. थेट शिक्षकांना सांगा. त्यांनी ते हसण्यावारी नेले, तर तो क्लास सोडा.

प्रश्न : ‘आठ आठवड्यांत गांचो आणि बोलेओ’ (जोडीदाराच्या पायात पाय अडकवणे आणि पाय मागे उडवणे) अशी जाहिरात आहे. पूर्ण फी आधी मागतात. भरावी का?

भरू नका. एक क्लास बघा, जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. आठ आठवड्यांत नीट चालता आले तरी पुष्कळ झाले. उंच बोलेओत टाच मागे उडते आणि गर्दीच्या फ्लोअरवर ती दुसऱ्याच्या पोटरीला लागते. ब्युनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेतसुद्धा ‘तांगो दे पिस्ता’ (फ्लोअरवरचा टँगो) गटात गाणे चालू असताना आलिंगन सोडता येत नाही आणि रंगमंचावरच्या उड्या चालत नाहीत. जाहिरात विकते ते रंगमंचावरचे.

प्रश्न : बाईने लीड शिकावे का?

जरूर. दोन्ही बाजू शिकण्याची रीत जुनीच आहे. ब्युनोस आयर्सच्या जुन्या सराववर्गांत पुरुष पुरुषांबरोबरच शिकत, आणि आधी फॉलो करायला शिकत.

प्रश्न : दोन महिने क्लासनंतर गुडघा दुखतो. मैत्रीण म्हणते, सवयीने जाईल.

दोन महिने कशाची वाट बघितलीत? आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, तोवर पिव्हट (एका पायावर वळणे) बंद. बुटाचा रबरी तळ जमिनीला धरून बसतो, पाऊल वळत नाही आणि पीळ गुडघ्यावर येतो. हे कारण नेहमी आढळते, पण तुमचे तेच आहे असे न तपासता सांगणार नाही. चामड्याचा किंवा स्वेडचा तळ बरा. उंच टाचा अनिवार्य नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.

प्रश्न : पहिल्यांदाच मिलोंगाला (टँगो नाचायच्या मेळाव्याला) जाणार आहे. नाचायला कसे विचारू?

नजरेने. समोरून नजर भिडली आणि मान हलली, म्हणजे होकार. नजर वळली, म्हणजे नकार, आणि तिथे पुन्हा विचारायला जायचे नाही. एकदा होकार दिला की तीन-चार गाण्यांचा संच, म्हणजे तांदा, पूर्ण करायची रीत आहे, पण त्रास होत असेल तर मध्येच ‘धन्यवाद’ म्हणून थांबता येते. जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यांच्यात शिरताना येणाऱ्या लीडरची नजर घ्या. सुरुवात कार्लोस दि सार्ली या वाद्यवृंदप्रमुखाच्या संथ तांदाने करा, पुग्लिएसेच्या वाद्यवृंदाची गाणी नंतर. फ्लोअरवर उतरण्याइतकी तयारी झाली आहे का, हे मात्र जाण्याआधी शिक्षकांना विचारा.