खाडीकाठचे पहिले पक्षिनिरीक्षण

प्रश्न : फेब्रुवारीत मी प्रथमच एका गटाबरोबर ठाणे खाडीकाठी पक्षी पाहण्यास जाणार आहे. माझ्याकडे दुर्बीण नाही आणि पक्ष्यांची नावेही ठाऊक नाहीत. मी काय तयारी करावी?

उत्तर : नावे ठाऊक नसल्याचा संकोच बाळगू नये. दुर्बीण विकत घेण्याची घाईही नको. गटातील जाणकार आपली दुर्बीण बहुधा आनंदाने देतात. भरतीची वेळ मात्र अवश्य पाहावी, कारण पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर चिखलात पांगतात, तर पाणी चढू लागले की उरलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर चरत ते काठाजवळ सरकतात, आणि तेव्हाच त्यांच्या चोची व पाय नीट न्याहाळता येतात. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांकडे सर्वांचेच लक्ष जाईल. परंतु लांब गुलाबी पायांचा शेकाट्या नवख्याला चटकन ओळखता येतो, आणि माझ्या मते सुरुवात त्याच्यापासूनच करावी. तुतवार व चिखल्या या चिखलात चरणाऱ्या लहान पक्ष्यांच्या निरनिराळ्या जाती ओळखणे अनुभवी माणसांनाही कठीण जाते. कपडे मातकट रंगाचे असावेत. छायाचित्रासाठी थव्याच्या जवळ जाऊन त्याला उडवू नये, कारण वसंतातील परतीच्या स्थलांतरासाठी या पक्ष्यांना येथेच चरबी साठवायची असते.